अंतर कोणी चालावयाचे?

दोन गावांमधील अंतर विचारले असता उत्तर वेळेच्या भाषेत देण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. ‘अमुक गाव येथून दोन मुक्काम,’ असे आपले पणजोबा म्हणत. ‘लंडन मुंबईहून नऊ-दहा तास,’ असे आपली मुले म्हणतात. कोस आणि किलोमीटर ही जमिनीची मापे झाली. माणसाला आस्था असते ती आपण केव्हा पोहोचू, या गोष्टीची. हे ‘केव्हा’ विमानाने इतके अलीकडे आणून ठेवले आहे की, जगात आता दूर असे काही उरलेच नाही, हे विधान सभासमारंभांतून सर्रास ऐकू येते. ते खरे मानले तर त्यातून एक नैतिक प्रश्न उद्भवतो. दूर असणे ही आजवर कित्येक कर्तव्यांतून सुटण्याची सर्वमान्य सबब होती. अंतर आटले म्हणजे ती सबबही आटली काय? आणि मुळात अंतराने कर्तव्य उणे होते, हे तरी खरे काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा यथामति विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

आम्ही ज्या सिल्वासात वकिली करतो, त्या गावाचा इतिहासच मुळी अंतराच्या वादाचा इतिहास आहे. म्हणून आरंभ तेथूनच करू. सिल्वासा आणि लिस्बन यांच्यामध्ये नकाशावर सरळ रेषा काढली तर ती सुमारे ८००० किलोमीटर भरते. आजच्या जेट विमानाच्या वेगाने, मध्ये कोठेही न उतरता जाता आले तर, हा साडेनऊ तासांचा प्रवास होईल. वास्को द गामा ८ जुलै १४९७ रोजी लिस्बनहून निघाला तो १४९८ च्या मे महिन्यात कालिकतला लागला. त्याला दहा महिने लागले होते. इतक्या लांबच्या सत्तेच्या हाती नगर हवेलीची गावे गेली ती लढाईने नव्हे. मराठ्यांच्या आरमाराने १७७२ साली ‘सांताना’ या पोर्तुगीज गलबताचे नुकसान केले. त्याच्या भरपाईदाखल १७ डिसेंबर १७७९ च्या तहाने वार्षिक १२००० रुपये वसुलाची गावे देण्याचे पेशव्यांनी कबूल केले, आणि १७८३ ते १७८५ या काळात ती प्रत्यक्ष हवाली झाली. एका जहाजाच्या हिशेबात एक मुलूख गेला आणि पुढे सुमारे एकशे सत्तर वर्षे त्याचा धनी सातासमुद्रांपलीकडे राहिला.

या कारभाराची साखळी पाहण्याजोगी आहे. शेवटचा शब्द लिस्बनचा. त्याच्या खाली गोव्याचा गव्हर्नर-जनरल. त्याच्या खाली दमणचा गव्हर्नर. आणि सर्वांत खाली सिल्वासातील अंमलदार. हुकूम वरून खाली येई तेव्हा तो मजल दरमजल करीत येई खरा. पण तो येई आणि त्याची अंमलबजावणीही होई. उलट खानवेलच्या डोंगरातील वारली किंवा कोकणा शेतकऱ्याला दाद मागावयाची झाली, तर तेच अंतर त्याला खालून वर चढावे लागे, आणि त्यासाठी त्याच्यापाशी ना जहाज, ना कागद, ना परकी भाषा. सत्ताधीश आणि रयत यांच्यामधील अंतर नकाशावर दोघांनाही सारखेच असते. व्यवहारात त्याचा भार मात्र एकट्या रयतेवर पडतो. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढील विवेचनात तिचा आम्हांस पुनःपुन्हा उपयोग होणार आहे.

१९५४ साली हा भार झुगारण्यात आला. २१ जुलैच्या रात्री दादरा मुक्त झाले आणि २ ऑगस्टला सिल्वासा. युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स, आझाद गोमंतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघ यांचे स्वयंसेवक त्यात होते. भारत सरकारने दमणहून येणारी वाट अडविली, तेव्हा पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. दाव्याचा विषय होता तो लिस्बनच्या ८००० किलोमीटरांचा नव्हे. दमण आणि या गावांमधल्या थोड्याशा भारतीय भूमीचा. दमणहून सिल्वासा आजच्या सडकेने सुमारे ३० किलोमीटर आहे. समुद्र ओलांडून आलेले राज्य या वाटेवर अडले. भारताची बाजू मोतीलाल सेटलवाड यांनी मांडली. न्यायासनावर भारताच्या वतीने महंमद करीम छागला बसले होते. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांच्या ये-जा करण्याचा हक्क १९५४ साली पोर्तुगालला होता; सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा नेण्याचा हक्क नव्हता; आणि वाट अडविण्यात भारताकडून आपल्या कर्तव्याचा भंग झाला नाही, असे न्यायालयाने ठरविले. पुढे ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश भारतीय संघराज्यात रीतसर सामील झाला.

वाट बंद झाल्यावर पोर्तुगालने आकाश धरले. १९५५ साली पोर्तुगीज हिंदुस्थानची स्वतंत्र विमानसंस्था निघाली. गोवा, दमण, दीव आणि कराची यांना जोडणारी तिची विमाने सुरू झाली, आणि दमण गोव्याला हवेतून जोडले गेले. सिल्वासाला मात्र ते विमान काही उपयोगी पडले नाही; कारण ज्या भूमीवर उतरावयाचे तेथील लोकांनीच दार लावून घेतले होते. विमानाला अंतर जिंकता येते, संमती जिंकता येत नाही. आजही याचा प्रत्यय येतो. १९४४ च्या शिकागो करारानुसार प्रत्येक राष्ट्राची आपल्या आकाशावर पूर्ण सत्ता आहे. २०१९ च्या फेब्रुवारीअखेर पाकिस्तानने आपले आकाश मिटले, ते जुलैच्या मध्यावर उघडले. त्या अवधीत दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना वळसा घालावा लागला. शहरे होती तेथेच होती; एका राष्ट्राच्या नकाराने ती एकमेकांपासून दूर गेली.

अंतराची ही जाण आपल्या धर्मशास्त्रकारांना उत्तम होती. परगावी आप्ताचा मृत्यू झाल्याची वार्ता उशिरा कळली तर सुतक किती पाळावे, असा त्यांच्यापुढे प्रश्न होता. मनुस्मृतीचा निर्णय असा की, दहा दिवसांच्या आत कळले तर उरलेले दिवस; दहा दिवस उलटल्यावर कळले तर तीन रात्री; वर्ष लोटल्यावर कळले तर केवळ स्नान. मग ‘देशांतर’ म्हणजे काय, हे ठरविणे आले. निबंधकारांनी उद्धृत केलेल्या स्मृतिवचनांत कोणी साठ योजने म्हणतो, कोणी चाळीस, कोणी तीस. पण त्याच जोडीला दुसरी एक व्याख्या येते, आणि ती आम्हांस अधिक मार्मिक वाटते. जेथे मध्ये महानदी आहे, जेथे पर्वत आडवा आहे, अथवा जेथे वाणी बदलते, ते देशांतर. शास्त्रकारांनी येथे योजनांचा हिशेब सोडून माणसाला खरोखर अडविणाऱ्या गोष्टींचा हिशेब धरला आहे.

या व्याख्येचे प्रत्यंतर गोमंतकातील मंदिरांच्या इतिहासात सापडते. सोळाव्या शतकात साष्टीत देवळे मोडली जाऊ लागली, तेव्हा कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली. हे अंतर आज मोटारीने तासाभराचेही नाही. पण मध्ये झुआरी होती, आणि झुआरीच्या पलीकडे पोर्तुगीजांचा हुकूम तेव्हा चालत नव्हता. ती नदी हेच देशांतर ठरले. देव आपण होऊन नदी ओलांडीत नाहीत. कोणीतरी त्यांना जिवावर उदार होऊन वाहून नेले. आज आपण मुंबईहून किंवा मंगळूरहून कुलदेवतेच्या जत्रेला जातो आणि ‘किती जवळ आले हो गोवे’ असे म्हणतो, तेव्हा त्या पहिल्या चालणाऱ्यांचे स्मरण ठेवणे उचित होय.

शास्त्राची ही सवलत वाचून दूर राहणाऱ्या कोणास हायसे वाटेल. पण तिला एक अपवाद आहे, आणि त्या अपवादातच या लेखाचा सारांश आहे. पैठीनसीचे म्हणून मिताक्षरेत जे वचन येते, त्याचा आशय असा की, आईबाप वारले असता पुत्र कितीही दूर असो, ज्या दिवशी त्याला कळेल त्या दिवसापासून त्याला पूर्ण दहा दिवस. इतर आप्तांच्या बाबतीत अंतर आणि काळ यांनी कर्तव्य हलके होते. मातापित्यांच्या बाबतीत होत नाही. दरम्यान गावातील दुसऱ्या कोणी अंत्यविधी उरकले असतील, तरी त्याने दूरच्या पुत्राचे दहा दिवस उरकत नाहीत. शास्त्राने उशीर क्षम्य मानला. कर्तव्य माफ केले नाही.

आता कायदा काय म्हणतो तेही पाहू. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १६, नियम १९ मध्ये साक्षीदाराला जातीने हजर राहण्यास किती अंतरावरून बोलवावे, याची मर्यादा घातली आहे. साधारणतः १०० किलोमीटरांच्या आत. आगगाडी, आगबोट किंवा नित्याचे वाहन सहापैकी पाच भाग वाटेवर उपलब्ध असेल तर ५०० किलोमीटरांच्या आत. १९७६ च्या दुरुस्तीने त्यात एक परंतुक घातले गेले. दोन्ही ठिकाणांमध्ये विमानाची सोय असेल आणि साक्षीदाराला विमानाचे भाडे दिले असेल, तर अंतर कितीही असले तरी त्याला बोलावता येते. विमानाने सबब संपविली, हे कायद्याने मान्य केले. पण त्याच वाक्यात ‘भाडे दिले असेल तर’ ही अटही घातली. ज्याने बोलावले त्याने अंतराचा खर्च सोसावा, हे या नियमाचे न्याय्य अंग आहे. पुढे २००३ साली महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या खटल्यात अमेरिकेतील एका डॉक्टराची साक्ष दृक्‌श्राव्य यंत्रणेद्वारे घेण्यास सर्वोच्च न्यायालयाने अनुमती दिली. हजर असणे आणि समोर असणे यांतील भेद तेव्हापासून न्यायालयातही पातळ झाला.

शास्त्र आणि कायदा यांच्या या विवेचनातून आम्हांस एक गोष्ट निष्पन्न झालेली दिसते. अंतर कधी नाहीसे होत नाही. ते कोणीतरी चालतो. प्रश्न एवढाच की कोण. सत्तेचे अंतर रयत चालली. देवांचे अंतर भक्त चालले. साक्षीदाराचे अंतर, निदान पैशाने, बोलावणारा चालतो. मग कुटुंबाचे अंतर कोण चालतो?

आमच्या भागात हा प्रश्न काल्पनिक नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण, दीव येथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या संततीला पोर्तुगीज नागरिकत्वाची नोंद करता येते. त्या आधारे दमण-दीवची कित्येक कुटुंबे इंग्लंडात, विशेषतः लेस्टर आणि लंडन येथे, जाऊन राहिली आहेत. ज्या लिस्बनचे राज्य घालविण्यासाठी लोक तुरुंगात गेले, त्याच लिस्बनच्या पारपत्रावर त्यांची नातवंडे पोट भरतात. यात आम्ही दोष पाहत नाही. भाकरी जेथे मिळेल तेथे माणसाने जावे. आमची दृष्टी मागे राहिलेल्या घराकडे आहे.

समजा, दमणला एक वृद्ध आई आहे. दोघे मुलगे इंग्लंडात. मुलगी गावातच सासरी नांदते. आईचे मूत्रपिंड बिघडले आहे आणि आठवड्यातून तीन वेळा डायलिसिससाठी तिला सिल्वासाला न्यावे लागते. ज्या ३० किलोमीटरांवर हेगला चार वर्षांहून अधिक काळ वाद चालला, तीच ही वाट. जाऊन-येऊन ६०, तीन वेळा म्हणजे १८०. मुंबई ते लंडन अंतर सुमारे ७२०० किलोमीटर आहे. हिशेब केला तर चाळीस आठवड्यांत ही मुलगी मुंबईहून लंडनला पोहोचते, आणि तरी तिच्या पत्रिकेत ‘परदेशगमन’ लिहिलेले नसते. मुलगे मात्र मनात आणतील तर घरून निघाल्यापासून दिवसभरात आईच्या उशाशी येऊ शकतात: नऊ-दहा तास विमानाचे, दोन-अडीच तास मुंबई ते वापी रेल्वेचे, आणि पुढे थोडी सडक. मग दूर कोण आणि जवळ कोण?

येथे कोणी म्हणेल की, हे मुलगे पैसे पाठवितात. त्यांच्याच पैशाने आईचा उपचार चालला आहे. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. परदेशातील नोकरी, तेथील रजा, तिकिटाचे दर, मुलांच्या शाळा, पुन्हा प्रवेश मिळेल की नाही ही धास्ती, या सर्व आजच्या महानद्या आणि पर्वत आहेत. ब्रिटनने युरोपीय संघ सोडल्यावर, २०२० च्या अखेरीस, पोर्तुगीज पारपत्रावर तेथे आपोआप राहण्याचा मार्गही नव्याने जाणाऱ्यांना बंद झाला. म्हणजे विमान तितकेच वेगवान राहिले आणि अंतर वाढले. ज्याला खरोखर येता येत नाही, त्याला शास्त्राने दोष दिला नाही. आम्ही देणारे कोण? पण पैशाने गाडीचे भाडे भागते. रात्री दोन वाजता आईचा श्वास अडकला तर जागे राहणारे माणूस पैशाने दुरून पाठविता येत नाही. ते माणूस येथेच असावे लागते, आणि ते असते म्हणूनच दूरच्याला दूर राहता येते. या ऋणाचा उच्चार आपल्या घरांतून क्वचितच होतो.

उच्चार होत नाही एवढेच नव्हे, उलटाच व्यवहार होतो. आमच्या व्यवसायात दिसणारी गोष्ट सांगतो. आईबापांच्या हयातीत न आलेली मंडळी त्यांच्या पश्चात वाटणीच्या वेळी मात्र फार जवळ येतात. स्वतः न आली तरी वकिलातीत साक्षांकित केलेले कुलमुखत्यारपत्र थोड्या दिवसांत येऊन पोहोचते. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ आणि त्याची २००५ ची दुरुस्ती यांनी मुलगा-मुलगी यांना समान वाटा दिला. कोण जवळ होता आणि कोण दूर, हे कायदा विचारीत नाही, आणि कायद्याने ते विचारू नये हेच बरे. प्रेमाची मोजदाद न्यायालयात होऊ लागली तर ती खोट्या साक्षींनी होईल. पण कायदा गप्प बसतो तेथे धर्माने बोलावयाचे असते. प्रत्यक्षात काय घडते? हक्कसोडपत्रावर सही मागितली जाते ती बहुधा बहिणीची. चाळीस आठवडे जी चालली, तिनेच पुन्हा भावाच्या प्रेमापोटी आपला वाटा सोडावयाचा!

आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाचा अधिनियम २००७ साली झाला. त्याच्या पहिल्याच कलमात तो भारताबाहेरील भारतीय नागरिकांनाही लागू असल्याचे म्हटले आहे. कर्तव्य समुद्र ओलांडून जाते, ही गोष्ट पैठीनसीनंतर संसदेनेही सांगितली. आता ज्याने नागरिकत्वच बदलले, त्याच्यापुढे या कलमातील ‘नागरिक’ हा शब्द अपुरा पडेल, असे वकील म्हणून आम्हांस सांगावे लागेल. पण पारपत्र बदलल्याने आई बदलत नाही, हे सांगण्यास वकिलाची गरज नाही.

तेव्हा दूर राहणाऱ्याने काय करावे? प्रत्येकाने नोकरी टाकून परत यावे, असा उपदेश करणे सोपे आणि निरर्थक आहे. आमची अपेक्षा माफक आहे. जो दूर आहे त्याने आपले अंतर घरातील कोण चालत आहे, हे आधी पाहावे. मग त्यातील जेवढे आपल्याला चालता येईल तेवढे चालावे. वर्षातून एक महिना येऊन बहिणीला मोकळे करता आले तर तो महिना सणावारासाठी राखू नये. डॉक्टरांशी बोलणे, औषधांचा हिशेब, दफ्तरी अर्ज ही कामे आज हजारो मैलांवरून होऊ शकतात. ती अंगावर घ्यावीत. आणि वाटणीच्या दिवशी हक्कसोडपत्राचा कागद पुढे आला, तर त्यावर सही कोणी करणे न्याय्य होईल, याचा स्वतःच्या मनाशी प्रामाणिकपणे विचार करावा.

जवळ राहणाऱ्यांनाही एक विनंती आहे. साक्षीदाराला बोलावणाऱ्याने भाडे भरावे, हा नियम घरालाही लागू आहे. दूरच्याला बोलवावयाचे तर त्याच्या अडचणीचा वाटा उचलावा. दुसऱ्यांसमोर टोमणे मारून त्याची वाट अधिक लांब करू नये. दार लावलेल्या गावी विमान उतरत नाही, हे सिल्वासाने एकदा पाहिले आहे.

२६ जानेवारी २०२० पासून दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश झाला असून त्याची राजधानी दमण आहे. सिल्वासाचा कारभार पुन्हा दमणहून चालतो. त्या वाटेवर आता कोणाला परवाना लागत नाही. ती वाट मोकळी करण्यासाठी आधीच्या पिढीने पुष्कळ सोसले. मोकळ्या वाटेवरून कोण कोणाकडे जातो, आणि कोण जाण्याचे टाळतो, हे ठरविणे आता आपल्या हाती आहे.